विहीर निर्दोष सुटली

सांगलीच्या मेडिकल कॉलेजात आम्रपाली मॅडम जो विषय शिकवायच्या, त्याचं नाव ऐकलं की पोरांना झोप यायची. समाजवैद्यक. संडासाचा खड्डा किती खोल असावा, विहिरीला कठडा का असावा, गोवराची लस कितव्या महिन्यात द्यावी. शरीर उघडून आतलं हृदय बघायला आलेल्या पोरांना खड्ड्यात काय रस असणार? पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जांभयांची लाट फिरायची. मॅडमना ती दिसायची, पण त्या मनावर घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "झोपा आत्ता. उन्हाळ्यात माणला नेते तुम्हाला, तिथं झोप येत नाही."

सत्त्याण्णव सालच्या एप्रिलात त्यांनी इंटर्न पोरांची तुकडी माण तालुक्यातल्या वाघजाईवाडीला नेली. मॅडम मूळच्या साताऱ्याकडच्या औंधजवळच्या, त्यामुळे तो उघडाबोडका मुलूख, ती तापलेली माती त्यांना परकी नव्हती. तुकडीत प्रांजल होती. सांगलीतच वाढलेली, शिस्तीची, सांगितलेलं काम चोख करणारी. आणि रविराज होता. जत भागातल्या मेंढपाळाच्या घरातला, घराण्यातला पहिला डॉक्टर. पोरगा तल्लख होता, पण त्याला सर्जन व्हायचं होतं आणि ते तो लपवत नव्हता. जीपमधून उतरल्या उतरल्या त्यानं चौफेर नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, असल्या गावातनं सुटायला म्हणून तर मी डॉक्टर झालो."

"मग आज उलटा प्रवास झाला म्हणायचा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी पाण्याचा कॅन त्याच्याच हातात दिला.

गावात उतरायची आणि ढाळवांत्यांची साथ सुरू व्हायची एकच गाठ पडली. शाळेच्या खोलीत पोरांनी सतरंज्या टाकल्या न टाकल्या, तोच एक बाई पाच-सहा वर्षांचं पोर खांद्यावर टाकून आली. पोराचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती. त्याच्या पाठोपाठ दुसरी बाई, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत शाळेचा व्हरांडा भरला. मॅडमनी पदर खोचला. जलसंजीवनीची पाकिटं फोडली, ती संपल्यावर चिमूट मीठ आणि मूठभर साखर घालून पाणी कसं करायचं ते एकेका आईला स्वतःच्या हातानं करायला लावलं. "एकदम पाजू नका. चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर थांबा, पुन्हा सुरू करा." फार सुकलेल्यांना सलाईन लागलं. सुदैवानं एकही पोर हातचं गेलं नाही.

सगळी पोरं जरा सावरल्यावर मॅडमनी तुकडीला समोर बसवलं. "आता सांगा. हे कशानं झालं?"

"पाण्यानं," प्रांजल म्हणाली.

"कुठल्या?"

गावात पिण्याची विहीर एकच. खालचा झरा आटलेला, वरून टँकर ओतला जायचा आणि त्याच पाण्यावर अख्खं गावठाण जगायचं. काठावर जनावरांचं शेण, आत दोरीला लोंबणाऱ्या घागरी. मॅडमनी काचेच्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असतं तर पाणी पिवळं व्हायला हवं होतं. ते तसंच्या तसं राहिलं.

"हीच," मॅडम म्हणाल्या. "यात शंका घ्यायला जागाच नाही."

त्यांनी विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकून घेतली. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून सरपंच नानासोंना बोलावून सांगितलं, की पाण्याचा नमुना साताऱ्याला तपासायला पाठवते, निकाल येईस्तोवर विहीर बंद. नानासोंनी रहाटाला साखळी घातली.

बंद म्हणणं सोपं होतं. ओढ्यापलीकडं एका मळ्यात दुसरी विहीर होती, पण तिथवर जायचं म्हणजे उन्हात खडकाळ टेकाड चढून उतरायचं आणि येताना डोक्यावर भरला हंडा. हरणाबाई नावाची पन्नाशीची बाई सगळ्या बायकांच्या वतीनं मॅडमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"आवं डाक्टरीणबाई, आमी ह्या हिरीचं पानी लग्न हून आल्यापास्नं पितूय. आमास्नी काय झालं न्हाई ते?"

"बाई, पोरांच्या जिवापुढं दोन खेपा जास्त झाल्या तर काय बिघडलं?"

"तुमी हंडा उचला, मंग सांगा काय बिघडलं ते," असं म्हणून हरणाबाई चालती झाली. तिच्यामागून बायांची रांग टेकाडाकडे निघाली.

मॅडम त्या रांगेकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या आजीला औंधकडच्या गावात विहिरीच्या काठालाही हात लावू देत नसत. खाली उभं राहायचं, वरून कुणी ओतलं तर घ्यायचं. वडिलांच्या पिढीनं छप्पन सालानंतर धम्म स्वीकारला, पोरं शिकली. आज त्या आजीचीच नात गावची विहीर बंद करू शकत होती. आतल्या आत कुठंतरी त्यांना याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जरा चपापल्यासारखंही झालं. पण विचार करत बसायला सवड नव्हती. व्हरांड्यात एक पोर पुन्हा ओकलं होतं.

विहीर बंद होऊनही आजार थांबेना. रोज नवी पोरं येतच राहिली. "आधी प्यालेल्या पाण्याचा परिणाम असेल," मॅडम म्हणाल्या. पुढच्याही दिवशी त्यांनी तेच सांगितलं, पण आवाजात पहिला जोर राहिला नव्हता.

रविराजला त्यांनी वरच्या धनगरवाड्यावर धाडलं होतं. तो दुपारी घामानं निथळत परत आला आणि शाळेपुढच्या लिंबाखाली मॅडम बसल्या होत्या तिथं येऊन उभा राहिला. जांभया देणारा पोरगा तो हाच का, असं वाटावं इतके त्याचे डोळे जागे होते.

"मॅडम, वाड्यावर धोंडुबाई म्हणून म्हातारी आहे. मुलगा-सून मेंढरं घेऊन खाली गेलीत, ती नातवंडं सांभाळते. तिची दोन नातवंडं आजारी आहेत."

"मग?"

"ती माणसं गावातल्या विहिरीचं पाणी पितच नाहीत. ओढ्याच्या वाळूत झिरा खणलाय, त्याचं पितात."

"झिऱ्याचं पाणी विहिरीहून वाईट असतं, रविराज."

"ते तर कायमच वाईट असणार. मग आजच का?" तो खाली बसला. मातीत काडीनं उगीच रेघा ओढत म्हणाला, "अजून एक आहे. धोंडुबाईचं रांगतं नातवंड ठणठणीत आहे. म्हातारी ठणठणीत आहे. इथं गावातही तेच. अंगावरची पोरं बरी, म्हातारी माणसं बरी. आजारी कोण? जी पळू शकतात ती. विहीर काय वय बघून बाधते का?"

प्रांजल शेजारी पाकिटं मोजत होती, तिचे हात थांबले. खरं सांगायचं तर मॅडमना राग आला. वर्गात झोपणाऱ्यानं आपल्याला साथीचा विचार शिकवावा! पण त्या पक्क्या मास्तरीण होत्या. रागाच्या आड मुद्दा लपवण्याची सवय त्यांनी लावून घेतली नव्हती.

"आणि ज्योतिबा आजोबा?" त्यांनी विचारलं. "ऐंशीला टेकलेत. कालपासून व्हरांड्यात पडून आहेत. ते कुठं पळतात?"

रविराजचा चेहरा उतरला. ज्योतिबा आजोबा त्याच्या हिशेबात कुठंच बसत नव्हते. तोंडात दात नाही, काठीशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.

"जा," मॅडम म्हणाल्या. "जो बसत नाही त्यालाच जाऊन विचार. तो तुला खोटं तरी पाडेल, नाहीतर खरं तरी."

रविराज आधी पोरांकडं गेला. आयांना सगळ्यांनी विचारून झालं होतं. "भायेरचं काय बी खाल्लं न्हाई," हेच उत्तर घरोघरी मिळालं होतं. त्यानं आयांना वगळलं. बरी होऊन चिंचेखाली गोट्या खेळणाऱ्या पोरांत जाऊन तो सरळ मातीत बसला, दोन डाव हरला आणि मग आपल्या जतकडच्या बोलीत हळूच म्हणाला, "आमी बारकं असताना कणगीतली जुंधळं चोरत हुतो. ओंजळभर जुंधळ्याला एक गारेगार. तुमच्यात किती घेतोय रं?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक पोरगी फिसकन हसली.

"आकारामनाना वाटीभर घेतुया," ती म्हणाली. "पर आयला सांगू नगंस. लाटण्यानं हानंल."

मग काय, सगळ्यांच्याच जिभा सुटल्या. आकाराम दुपारी सायकलवर लाकडी पेटी बांधून यायचा. आया रानात किंवा पाण्याला गेलेल्या असायच्या. घंटी वाजली की पोरं घरात घुसून वाटीभर ज्वारी ओच्यात लपवून आणायची आणि लालभडक गारेगार चोखत ओढ्याला पळायची. धनगरवाड्यावरची पोरंही उतरून यायची. आईपासून चोरलेली गोष्ट डॉक्टरला कोण सांगणार?

राहिले ज्योतिबा आजोबा. रविराज त्यांच्या सतरंजीशी उकिडवा बसला.

"आजोबा, खरं सांगायचं. गारेगार खाल्लं का न्हाई?"

म्हाताऱ्यानं आधी ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. मग सून जवळपास नाही ना ते बघून घेतलं.

"लेकरा, त्वांडात दात न्हाई. सून भाकरी कुस्करून देती, ती बी गिळवत न्हाई. नातू म्हनला, आज्या, चोखून बग. लय ग्वाड लागलं बग. मंग रोज एक आनाय लावायचो." आजोबांनी त्याचा हात धरला. "सूनबाईला सांगू नगंस. कणगीतलं जुंधळं मीच दावलं पोराला."

रविराज हसत हसत व्हरांड्याबाहेर आला आणि मॅडमना ते सांगताना त्याला धड बोलताही येईना. मॅडमही हसल्या. हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं, की आपलं चुकलंय हे कळूनही आपल्याला आत्ता फार बरं वाटतंय. या पोराच्या तोंडून आज कुठलंही पुस्तक बोलत नव्हतं, त्याचा तो बोलत होता. इतकी वर्षं वर्गात घसा कोरडा केला तो याच्यासाठीच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच टेकाडाकडे निघाल्या, तर प्रांजल मागून आली. "मॅडम, कुठं?"

"विहीर बंद मी केली. उघडायला मीच जायला हवं."

"नानासोंना निरोप दिला तरी चालेल की."

"बंद करताना नुसता निरोप दिला होता का मी?"

बाया हंडे भरून टेकाड उतरत होत्या. हरणाबाई पुढं होती. मॅडम वाटेतच उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हरणाबाई, मी चुकले. आजार विहिरीतनं आला नव्हता. तुम्हाला उगीच हे टेकाड चढायला लावलं. विहिरीत औषध टाकत राहायला हवं, ते मी सोडणार नाही. पण साखळी आज निघेल."

बाया थबकल्या. डॉक्टरीण, तीही कॉलेजात शिकवणारी, भर वाटेत असं म्हणते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हरणाबाईनं हंडा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"चुकला म्हंता?"

"हो."

"मंग ह्यो हंडा उचला," हरणाबाई म्हणाली, आणि सगळ्या बाया फुटून हसल्या.

मॅडमनी खरंच उचलला. लहानपणी उचललेला होता, तोल विसरला नव्हता. प्रांजलनंही एक घेतला. ती वेडीवाकडी चालत, निम्मं पाणी अंगावर सांडत गावात पोचली. हरणाबाईनं दोघींना दारात बसवून ताक दिलं. "आता कसं," ती म्हणाली, "आता आमची झालीस." तुमीचं तू कधी झालं हे तिला कळलंही नाही.

ताकाचा पेला निम्मा झाला असेल, तोवर चावडीकडून आरडाओरडा ऐकू आला.

घडलं होतं ते असं. रविराजच्या पोटात गोष्ट राहिली नव्हती. सकाळी चहाच्या टपरीवर त्यानं नानासोंच्या पुतण्याला मोठ्या उत्साहानं सगळं सांगून टाकलं होतं. आणि नेमका त्या दिवशी आकाराम लवकर आला. तरण्या पोरांनी त्याला सायकलसकट घेरलं, पेटी ओढून खाली आपटली. लाल-पिवळे तुकडे मातीत वितळत होते. कुणीतरी आकारामची कॉलर धरली होती आणि रविराज मधे पडून ओरडत होता, "आरं थांबा गड्यांनो, सोडा त्यास्नी!" पण आता त्याचं कोण ऐकतंय?

मॅडम गर्दीत शिरल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता. "हात काढा त्याच्या अंगावरचा."

हात निघाला. मॅडमनी आकारामला चावडीच्या पायरीवर बसवलं, पाणी दिलं. चाळिशीचा वाळका माणूस.

"आकाराम, उरलेलं गारेगार काय करता रोज?"

"काय करनार बाई? घरला न्हेतो. पोरीला देतो." तो थांबला. "माजी बी पोरगी झोपून हाय. परवाच्यानं. मला वाटलं, उनाचं झालं."

गर्दीतला आवाज एकदम खाली बसला. ज्यानं कॉलर धरली होती तो पोरगा पाठीमागं सरकला.

"आता विष विकणारा माणूस ते आपल्या पोरीला चारील का?" मॅडम गावाला म्हणाल्या. "हा स्वतः बनवत नाही, विकतो. बनतं कुठं ते तो आपल्याला दाखवील. काय आकाराम, दाखवाल ना?"

"चला की. आत्ता चला."

जीप काढली. सगळ्यात आधी आकारामच्या घरी जाऊन पोरीला बघितलं. रविराजनं तिला स्वतः चमच्यानं पाणी पाजलं, तिनं डोळे उघडून इकडंतिकडं बघेपर्यंत तो जागचा हलला नाही. मग अंगणात येऊन तो आकारामपुढं उभा राहिला. सकाळी टेकाडावर काय झालं ते प्रांजलनं त्याला जीपमध्ये सांगितलं होतं.

"नाना, माझ्या तोंडामुळं तुमच्या अंगावर हात पडला," तो म्हणाला. "कळल्यावर आधी तुमच्याकडं यायला पायजे हुतं. मी टपरीवर बोलत बसलो. चुकलं माझं."

"पोरीचं कशानं झालं त्ये कळलं न्हवतं मला. तुमी आला म्हनून कळलं," आकाराम म्हणाला. "ऱ्हाऊ द्या आता त्ये."

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्या जीपकडे वळल्या.

गारेगारचा कारखाना तालुक्याच्या वाटेवर एका पत्र्याच्या शेडमध्ये होता. मागं सिमेंटची उघडी टाकी, वर झाकण नाही, पाणी कुठल्याशा नाल्याकाठच्या खड्ड्यातून उपसलेलं, कडेला कुत्र्यांच्या पावलांचे ठसे. रविराज खाली वाकून बघायला गेला आणि नाक धरून मागं आला. मालकानं आधी अरेरावी केली. मग आकारामच त्याला म्हणाला, "मालक, माजी पोरगी ह्यानंच पडली. उद्यापास्नं मी तुमचा माल उचलणार न्हाई. बाकीच्या सायकलवाल्यांस्नी बी सांगतो." तेव्हा मालक जरा मऊ पडला. आरोग्य खात्याचे लोक आले, टाकी रिकामी केली, घासली, झाकण बसलं, पाण्यात औषध पडायला लागलं. नमुन्यांचे निकाल आले तेव्हा टाकीचं पाणी घाण निघालं, आणि गावच्या विहिरीचं? तेही फार चांगलं नव्हतं, पण या साथीपुरती ती निर्दोष सुटली. तुकडीनं त्या रात्री तिचा खटला आणि सुटका असं नाटकच करून दाखवलं. त्यात प्रांजल विहीर झाली होती आणि तिनं सगळ्यात जास्त हशा मिळवला.

साथ ओसरली. वाघजाईवाडी सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी घंटी वाजली. आकाराम आला होता, नव्या पत्र्याच्या पेटीसह. पोरं लांब उभी, आया दारात, कुणी पुढं होईना. मॅडम उठल्या. पाण्यात औषध किती ते आधी त्यांनी स्वतः तपासून आणलं होतंच. त्यांनी एक लाल गारेगार घेतलं आणि सगळ्या गावासमोर उभ्यानं चोखलं. ओठ लाल झाले. ज्योतिबा आजोबा काठी टेकत आले. "मला बी एक," ते सुनेकडं बघत उघड म्हणाले. सुनेनं कपाळावर हात मारला, पण आत जाऊन वाटीभर ज्वारी घेऊन आली.

रविराजनं पुढं सर्जरीच घेतली. मॅडमना त्याचं वाईट वाटलं नाही. फक्त दर वर्षी नवी तुकडी माणला निघायच्या आधी त्या त्याला वर्गात बोलवायच्या, आणि ऑपरेशनची वेळ बदलून का होईना, तो यायचा. फळ्यापुढं उभा राहून तो ही गोष्ट सांगायचा. मॅडमनी विहीर कशी बंद केली हेही काहीएक न वगळता सांगायचा, आणि स्वतः टपरीवर काय करून बसलो तेही. मॅडम शेवटच्या बाकावर बसून ऐकायच्या.

एका वर्षी एका मुलीनं हात वर केला. "पण सर, धोंडुबाईच्या झिऱ्याचं पुढं काय झालं? ते पाणी तर वाईटच होतं ना?"

रविराजनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं.

"ते आम्ही विचारलंच नाही गं," मॅडम शेवटच्या बाकावरून म्हणाल्या. "तू नाव काय म्हणालीस तुझं? पुढच्या आठवड्यात निघतोय आपण. धनगरवाडा तुझ्याकडं."

मुलगी लाजत खाली बसली. मॅडमच्या शेजारी बाकावर एक पोरगा जांभई देत होता. मॅडमनी हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तूही तिच्याबरोबर जा."